पऱ्हाटीची राख

आमच्या बरण्यांवर जी हिरवट, मधाळ झिलई यायची तिचं श्रेय लोकांनी मला दिलं आणि मीही ते बरीच वर्षं मुकाट्याने घेतलं. कोणी कौतुक केलं की मान जरा खाली घालायची, म्हणजे आणखी कौतुक होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. आता वय झालंय. खरं काय घडलं ते लिहून टाकते.

वर्ध्यापासून दोन-अडीच कोसांवर ग्रामोद्योगाचं एक केंद्र होतं. तिथे तेलघाणी होती, हातकागद होता, मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि सगळ्यांच्या मागे, ओढ्याच्या काठी, भांड्यांचा विभाग होता. मी त्या विभागात कामाला होते. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ झालं नव्हतं, आणि मी रोहण्याला भावाच्या घरी परत आले तेव्हा विशीसुद्धा उलटली नव्हती. भाऊ वाईट नव्हता, भावजयही नव्हती. पण मी कोणाच्या डोहाळजेवणाला ओसरीत यायचं नाही, सकाळी कोणाच्या समोरून जायचं नाही, हे सगळं त्या घरात न बोलता ठरून गेलेलं होतं. केंद्रात बायकांना काम शिकवणार आहेत असं ऐकलं आणि मी हट्टाला पेटले. तीन दिवस जेवले नाही. चौथ्या दिवशी भावाने स्वतः आणून सोडलं.

केंद्रात मला एक खोली मिळाली. खोली कसली, चार भिंती आणि कौलं. पण दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला होती. ती मला अंगावरच्या कोणत्याही दागिन्यापेक्षा प्यारी होती, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

विभागात आम्ही दोघंच. चाक आणि भट्टी एका वयस्क कुंभाराकडे, ते हिंगणीकडचे. त्यांना सगळे मामा म्हणत. झिलई माझ्याकडे. आमच्यावर देखरेख करायला केंद्राचे व्यवस्थापक, पुण्याकडून आलेले, अतिशय सज्जन गृहस्थ. दिसेल ते वहीत उतरवून घ्यायची त्यांना सवय होती. मामा म्हणायचे, "याईच्या समोर शिंकू नोको, लिहून घेतीन."

मामांनी जन्मभर आव्यात, कुंभाराच्या उघड्या भट्टीत, मडकी भाजलेली. आमचं काम त्याच्या पुढचं होतं. मडक्यातून पाणी पाझरतं, म्हणून तर ते गार राहतं. बरणीतून काही पाझरून चालत नाही, नाहीतर लोणचं नासतं. त्यासाठी चांद्याकडची पांढरी माती आणून ती इतकी भाजायची की तिचा दगड झाला पाहिजे, आणि वर झिलईचा थर चढवायचा. झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. पांढऱ्या दगडाचं पीठ, थोडी माती आणि राख, हे पाण्यात कालवून वस्त्रगाळ करायचं आणि त्यात बरणी बुडवून काढायची. दगडाचं पीठ नुसतं असेल तर आमच्या भट्टीच्या आचेला दाद देत नाही. त्याला वितळवते ती राख. त्यामुळे राख कशाची घ्यायची, सगळं तिथेच ठरतं.

बाहेरून तयार पूड मागवणं केंद्राच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून मी एक वर्ष राखा गोळा करत फिरले. अंगठ्याएवढ्या चकत्यांवर एकेक राख लावून त्या मामांच्या भट्टीत कोपऱ्यात ठेवायच्या आणि तिसऱ्या दिवशी काढून बघायच्या. ज्वारीच्या धांड्यांची राख दुधासारखी पांढुरकी उतरायची, दिसायला छान, पण सुईच्या टोकाएवढी भोकं पडायची. तुराटीची पिवळट आणि खरखरीत. बाभळीची काळपट. संत्र्याच्या लाकडाची सुंदर यायची, पण फळती झाडं जाळायला कोण देणार? राहता राहिली पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की शेतात जी झुडपं उरतात ती आमच्याकडे घरोघरी चुलीत जातात. पाच घरांतून मी पऱ्हाटीची राख आणली. चार घरांची राख चकतीवर चुना फासल्यासारखी कोरडी बसली. पाचव्या घरची मात्र वितळली, पसरली, आणि चकतीच्या कडेला थेंब धरून थांबली. मी ती चकती दिवसभर हातातून खाली ठेवली नाही.

पाचवं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं होतं, गावाने गावाबाहेर ठेवलेल्या वस्तीतलं. मी तिथे जाते हे रोहण्याला कळलं असतं तर भावजयीने माझं लुगडं वेगळं धुवायला लावलं असतं. त्या घरची बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, नवरा-बायको दोघंही शेतावर मजुरीला जायचे. पदरात एकच मुलगी, अडीच वर्षांची, काडीसारखे पाय. त्या आधीची दोन मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली होती, असं मामांनी मला सांगितलं होतं. ती त्या पोरीला कडेवरून खाली म्हणून ठेवत नसे. दर शनिवारी सकाळी उन्हं चढल्यावर मी जायची, दारातच उभी राहायची, ती राखेचा भरलेला डबा आणून द्यायची, मी रिकामा डबा द्यायची. झालं आमचं बोलणं.

एकाच झुडपाची राख एका घरची वितळते आणि दुसऱ्या घरची नाही, हे कसं? मी डोकं लढवलं. तिच्या घरची पऱ्हाटी ओढ्याकाठच्या शेतातून येते, तेव्हा त्या मातीतच काहीतरी सत्त्व आहे, असं मी ठरवून टाकलं. व्यवस्थापकांना हे इतक्या ठसक्यात सांगितलं की त्यांनी ते वहीत लिहिलं आणि वहीतून अहवालातही घातलं. छापून आलेला तो परिच्छेद मी दोनदा वाचला होता. अर्धशिक्षित माणसाला छापलेल्या अक्षरांचा कैफ फार लवकर चढतो.

त्या वैशाखात आम्ही छोटी भट्टी लावली. सगळ्या बरण्या चोख निघाल्या. तेव्हा केंद्राच्या मंडळींनी सांगितलं की हे नमुन्यापुरतं झालं, आता एक मोठी भट्टी भरून दाखवा. पुढच्या लोणच्याच्या हंगामाआधी बरण्या पक्क्या निघाल्या तर विभाग चालेल. पाझरल्या तर बंद. विभाग बंद म्हणजे मामा हिंगणीला, आव्याकडे. आणि मी रोहण्याला, भावाच्या ओसरीच्या आत. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या वर्षी दसऱ्याला ओढ्यापलीकडची सगळी वस्ती नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन परतली. नंतरच्या शनिवारी मी गेले तर त्या बाईच्या अंगावर धुवट पांढरं लुगडं, आणि घरातला देवाचा कोनाडा रिकामा, सारवून स्वच्छ केलेला. ती म्हणाली, "ताई, आमी दीक्षा घेऊन आलो. जुनं सारं सोडलं." तिचा चेहरा उजळलेला होता, आवाजही नेहमीपेक्षा मोठा होता. मी "हो का?" म्हणाले आणि राखेचा डबा मागितला. माझं सगळं चित्त तेव्हा त्या डब्यात होतं.

पौषात मोठी भट्टी लावली. आधीची राख नमुन्यांतच संपली होती, ही सगळी दसऱ्यानंतर साठवलेली. आदल्या संध्याकाळी मामांनी विस्तव दिला, दुसऱ्या दिवशी दुपारी आत पांढरी आच दिसू लागली. झरोक्यातून लोखंडी आकड्याने एक नमुन्याची, त्याच झिलईत बुडवलेली मातीची कडी ओढून काढली. मला ती फिकी वाटली. मामा म्हणाले, थोडं थांबू. आणखी लाकडं घातली. दुसरी कडी तशीच. तिसरीही तशीच. शेवटी मामांनी भट्टीचं तोंड बंद केलं, आणि तीन दिवसांनी भट्टी उघडली तर आत रांगेने उभ्या बरण्यांवर पिठूळ, मुकी, कोरडी साय. नखाने खरवडली तर निघत होती. आम्ही दहा बरण्यांत मिठाचं पाणी भरून त्या चुन्याच्या ओट्यावर ठेवल्या. सकाळी प्रत्येकीखाली ओला गोल डाग होता.

माझा स्वभाव तिखट, आणि अंगावर आलं की मी आधी दुसऱ्याकडे बोट दाखवते. मी मामांना म्हणाले, "तुमची आच कमी पडली." मामांनी हातातला आकडा खाली टाकला.

"माही आच? भट्टीच्या इटा घाम सोडून राह्यल्या होत्या, अन् आच कमी? तुह्याच तागडीत काई गडबड हाय."

"तागडी माझी बरोबर आहे."

"मंग राखीत गडबड असन. वैशाखात या झरोक्याशी उभं राहवत नोतं. पांढरा धूर निघे, डोळे असे झोंबत का पाणी थांबे नाई. या खेपेले डोळे झोंबलेच नाईत."

मला ते निव्वळ म्हातारपणाचं बोलणं वाटलं. पण राख हा शब्द तेवढा कानात राहिला. राखेत गडबड म्हणजे तिने गोवऱ्या जाळल्या असणार. गोवरीची राख मिसळली की सगळं नासतं, हे मी तिला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. मी तशीच तरातरा ओढा ओलांडून गेले आणि दारातूनच सुरू झाले. "तुमाले सांगतलं होतं, नुसती पऱ्हाटी जाळा. तुमी गवऱ्या जाळल्या. तुमच्यापाई आमची सारी भट्टी वाया गेली, मले आता गाव सोडा लागन." शेजारपाजारच्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या, तरी मी थांबले नाही.

ती चुलीपुढे बसली होती. पोरगी मांडीवर. माझं संपेपर्यंत तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, आमच्या घरी गाय नाई, म्हैस नाई. गवऱ्या कुठून आणू?"

मागच्या बायकांपैकी कोणीतरी हसलं. मी एवढी शहाणी, वर्षभर त्या दारात उभी राहिलेली, आणि त्या घरी गोठा नाही हे माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. मी उंबऱ्यावर बसले. रडू आलं, आणि ते मी आवरलंही नाही. ती पोरीला थोपटत राहिली. तिला राग आला असणार. यायलाच हवा होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "चुलीत पऱ्हाटीशिवाय दुसरं काय जाते?"

"काईच नाई." मग तिने जरा विचार केला. "पह्यले मीठ जाये."

"मीठ?"

"दृष्ट काढत होती नं मी पोट्टीची. सकाळी अन् दिवेलागणीले. मूठभर मीठ तिच्यावरून उतरवायचं अन् चुलीत टाकायचं. दोन गेले माहे. हिले तरी कोनाची नजर लागू नये म्हणून. दसऱ्यापासून बंद केलं. जुनं सोडलं त्याच्यात थे बी सोडलं."

मला एकदम मामांचा पांढरा धूर आठवला. मिठाचा धूर. दोन मुठी रोज, आठवड्याच्या चौदा, आणि तेवढ्यात तयार होणारी एक डबा राख. ओढ्याकाठच्या मातीचं सत्त्व आणि अहवालातला माझा परिच्छेद, सगळं त्या चुलीत गेलं.

दृष्ट काढतात हे मला का ठाऊक नव्हतं? आमच्या घरी माझीही काढली होती. पण एखादी आई रोज दोन वेळा, न चुकता, वर्षानुवर्षं काढते हे माझ्या मनात आलंच नाही. माझ्या चुलीत मीठ टाकावं असं माझ्या घरी कोणी नव्हतं. आणि बाकीच्या चार घरी धट्टीकट्टी मुलं होती, तिथे कधी सणावारी चिमूट पडत असेल तेवढीच.

आता मिठाचं प्रमाण किती हे कळायला हवं होतं. मी तिला म्हणाले, एकदा मूठ दाखवा, चुलीत कशी टाकत होतात ती. ती चटकन मागे सरली. "चुलीत नाई टाकत ताई. सोडलं म्हणजे सोडलं." इतकं बोलल्यावर आणखी काही मागायचं तोंड मला राहिलं नव्हतं. मी उठून निघाले तर ती मागून म्हणाली, "तुमच्या तागडीत टाकतो. चालते?"

ती दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन झिलईच्या खोलीत आली. मी जाडं मीठ आणून ठेवलं होतं. तिने मूठ भरली आणि पारड्यात सोडली. मी वजन केलं. दुसरी मूठ, तिसरी, चौथी. एकीत आणि दुसरीत फरक पडला असेल तर चार-दोन खड्यांचा. मामा दारात उभं राहून बघत होते, म्हणाले, "हात हाय का माप हाय वो माय!" ती पहिल्यांदाच हसली. मी आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याखाली रेघ ओढली. मग मी तिला म्हणाले, "मी तुमच्यावर आळ घेतला. माझं चुकलं." ती म्हणाली, "मामा सांगत होते, बरण्या नाई जमल्या तं तुमाले भावाकडे जा लागते म्हणून." एवढंच. चूक माफ केली की नाही ते तिने सांगितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही.

फाल्गुनात दुसरी मोठी भट्टी लावली. केंद्राच्या मंडळींनी नाइलाजाने दिलेली ही शेवटची संधी होती. राख तिचीच, आता दर शनिवारी डबा घेऊन तीच यायची, आणि डब्यामागे चौदा मुठी मीठ, तिच्या हाताने टाकलेलं. दुपारी धुरांड्यातून पांढरा धूर निघाला, आमचे तिघांचे डोळे चुरचुरायला लागले, आणि मामा डोळे पुसत "आलं, आलं" म्हणत नाचायचेच बाकी राहिले. व्यवस्थापकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तेही लिहून घेतलं. आकड्याने ओढलेली कडी पाण्यात टाकली, थंड झाली तेव्हा तिच्यावरून बोट सरकून जात होतं.

भट्टी उघडली तेव्हा मी आत पाहिलंच नाही, मामांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचं तोंड बघूनच मला कळलं. पुन्हा मिठाचं पाणी, पुन्हा चुन्याचा ओटा. सकाळी केंद्राची मंडळी आली. व्यवस्थापकांनी एकेक बरणी उचलून खालचा ओटा तळहाताने चाचपला. कोरडा. पुढची, कोरडा. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी मोजायचं सोडून दिलं. विभाग राहिला. मी राहिले. त्या दिवशी मी खोलीत जाऊन दार आतून लावून घेतलं आणि पोटभर रडले, आनंदानेच.

नंतरच्या शनिवारी ती नेहमीप्रमाणे राखेचा डबा डोक्यावर आणि पोरगी कडेवर घेऊन आली. मीठ उघडून ठेवलेलं होतं. मी कामाच्या गडबडीत होते, नव्या भट्टीसाठी झिलई कालवायची होती, आणि खरं सांगायचं तर माझं काम आता झालं होतं. मी वहीतला आकडा तिला दाखवून म्हणाले, "आता तुमी कायले तकलीफ घेता? राख मी आणून घेत जाईन. मिठाचं वजन लिहून ठेवलं हाय. आता तुमच्या मुठीचं काम नाई."

ती वहीकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं तिला. मग पोरीला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "ताई, दिवेलागण झाली का हा हात आपोआपच मिठाच्या गाडग्याकडे जाते. दसऱ्यापासून रोज जाते, अन् रोज मी त्याले मागं घेतो. चुलीत नाई टाकणार, काई झालं तरी नाई टाकणार. पण पोट्टी खोकलली का या हाताले समजवता येत नाई. हप्त्याभराचं इथं टाकलं तं कोनाचं काई बिघडत नाई. बरणी तं पक्की होते."

वही मी बंद केली. पारडं उचललं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. तिने पोरगी सावरली आणि मीठ टाकायला सुरुवात केली, ओठांतल्या ओठांत मोजत. चौदावी मूठ टाकून झाली तरी तिचा हात पारड्यावर तसाच राहिला होता, उघडा, आणि ती त्याच्याकडे बघत होती. पोरगी तिच्या खांद्यावर झोपून गेली होती.